निमोण्याच्या ट्रॉलीवरची ताडपत्री

मी एक उसवलेली ताडपत्री आहे. यवतला हायवेच्या कडेला फरीदाची शिलाईची टपरी आहे, तिथं मशीनखाली घडी होऊन पडलेली असते. माझी शिवण वाऱ्यानं गेली नाही की वयानं गेली नाही. ती ब्लेडनं काढली, आणि जिच्यासाठी मला शिवलं तिच्याच डोळ्यांदेखत मला त्या ब्लेडपाशी नेलं. कसं झालं ते सांगते. माझ्याकडे आता फार वेळ उरलेला नाही.

माझा जन्म दोन टाकून दिलेल्या कापडांतून झाला. माझी पाठ म्हणजे एका ट्रकची ताडपत्री. नऊ वर्षं ती सोलापूर रोडवर ऊन-पाऊस खात हिंडली, मग ट्रकवाल्यानं नवी घेतली आणि ही फरीदाच्या दारात टाकून गेला. माझं पोट म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स. पंधरा दिवस चौकात फडफडला आणि मग त्याला कुणी विचारीना. त्यावर कुणी एक पुढारी हात जोडून हसत होते. ते हसू माझ्या आतल्या अंगाला कायमचं चिकटलं. ट्रॉलीत कांदा भरताना मजूर वर बघायचे आणि म्हणायचे, "साहेब, आज कांद्याला काय भाव?"

फरीदा तेव्हा चाळिशीला टेकलेली. नवरा सुभान कारेगावला खोली घेऊन राहायचा, कंपनीत कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. टपरी फरीदाची होती. ट्रकची सीट कव्हरं, टेंपोचे पडदे, ताडपत्र्या, असं जाडं काम ती करायची. टपरी आठ फुटांची. मोठी ताडपत्री आली की निम्मी आत आणि निम्मी रस्त्याच्या कडेला. तिच्यावरून कुत्री जायची, मोटारसायकली जायच्या, धूळ बसायची. शेजारी तिचा थोरला भाऊ अलीम याचं पंक्चरचं दुकान. त्याला ती म्हणायची, "अलीमभाई, मला एकदा अशी जागा पायजे, जिथं ताडपत्री चारी बाजूंनी पसरता येईल."

"मंग हायवेच माग," अलीम म्हणायचा.

साखरबाई या टपरीत आली ती दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये. तिचं माहेर यवतच. सातवीपर्यंत दोघी एका बाकावर बसल्या होत्या. पुढे साखरबाई निमोण्याला दिली. घरची शेती मोठी, नवरा जयसिंगराव गावच्या सोसायटीत संचालक, आणि साखरबाई स्वतः गावातल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. माहेरी आली की ती आधी फरीदाकडे टेकायची आणि मग घरी जायची. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. अवकाळीनं तिच्या दोन ट्रॉल्या कांदा उघड्यावर भिजवला होता.

"फरे, कांद्याच्या चाळीत जागा नसली की आमची ट्रॉलीच चाळ हुती बघ. भरून ठिवायची आन् बाजार उघडायची वाट बघायची. त्यात हा पाऊस. दुकानातली ताडपत्री बघून आले, नऊ हजार सांगतोय. गटातल्या बायांनी कुठनं आणायचे?"

"जुन्यातनं काढू का?"

"कशातनं बी काढ. आत पाणी नको, एवढंच."

फरीदानं मला शिवायला अकरा दिवस घेतले. माझ्या पाठीवर तिनं एकही जोड येऊ दिला नाही. जोड घेतले ते कुशीला, आणि तेही कौलं बसवतात तसे, वरचं कापड खालच्यावर, म्हणजे पाणी ओघळून जावं. तरी सुईची भोकं उरतातच. त्या भोकांचं काय करायचं याचा विचार ती दोन दिवस करत होती. अलीम ट्यूबला पॅच लावत होता, ते बघता बघता ती उठली, त्याच्या हातातली सोल्युशनची बाटली घेतली आणि माझ्या शिवणीवर बोटानं लावत गेली. वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. पाणी मध्ये साचू नये म्हणून खाली पाच कमानी हव्या होत्या. त्या तिनं बांबूच्या कामट्या पाण्याच्या जुन्या काळ्या पाइपात घालून केल्या. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसलं.

मग अलीमनं मला एका रिकाम्या टेंपोवर ताणलं आणि गाड्या धुवायच्या पाइपानं अर्धा तास माझ्यावर पाणी मारलं. साखरबाई आत बसली होती. बाहेर आली तर तिची साडी कोरडी. तिनं फरीदाचे दोन्ही हात धरले.

"गटाला कामासाठी सरकारी शेड मंजूर व्हायचीय. झाली की तू तिकडंच ये मशीन घिऊन. डोकं तुझं, गट माझा. दोघींचं नाव लावू."

त्या दिवशी फरीदानं माझी घडी तीन वेळा घातली आणि तीन वेळा मोडली.

मी निमोण्याला गेले, आणि पहिल्याच खेपेला नापास झाले.

पाऊस तीन दिवस होता. माझ्यातून एक थेंब आत गेला नाही. चौथ्या दिवशी मला उघडलं तर वरचा कांदा ओला. माझ्या आतल्या अंगावर, त्या हसऱ्या चेहऱ्यावर, पाण्याचे थेंब लोंबत होते. साखरबाईनं फोन केला. दुसऱ्या दिवशी फरीदा चौफुल्यापर्यंत एका गाडीनं, पुढे पारगावच्या पुलावरून न्हावरा आणि मग निमोणे अशी आली. तिनं माझी प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंनी तपासली. भोक कुठेच नव्हतं. मग ती म्हणाली, "ट्रॉली भरलेलीच हाय ना? मला आत बसव आन् वरनं बांधून टाक."

"येडी का काय? ऊन बघ की."

"बांध."

दुपारचे दोन वाजले होते. फरीदा कांद्यावर मांडी घालून बसली आणि साखरबाईनं मला चारी बाजूंनी आवळलं. मला जिनं शिवलं, तिनं मला आतून पाहिलं ते त्या दिवशी. तासाभरानं तिच्या कपाळावरून घाम वाहत होता. तिनं हात वर करून माझ्यावरून फिरवला. मीही ओली होते. तेव्हा तिला कळलं. पाऊस बाहेरून येतच नव्हता, तो माझ्या आत तयार होत होता. कांद्याला घाम येतो, आणि मी त्या घामाला जायला वाटच ठेवली नव्हती.

बाहेर काढली तेव्हा तिला उभं राहता येईना. साखरबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला, ताक पाजलं. "मरशील एक दिवस माझ्यापायी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते. पुढे जे झालं, त्यानंतरही मी हेच म्हणेन.

फरीदानं तिथंच कातरी मागितली. माझ्या पुढच्या आणि मागच्या अंगाला एकेक वीतभर चौकोन कापला. प्रत्येकाला आतून मच्छरदाणीची जाळी आणि वरून छज्ज्यासारखी झालर. वारा आत जाईल, पाऊस जाणार नाही. दिसायला त्या खिडक्या ठिगळांसारख्या दिसत होत्या, पण त्यांनी मला जीव दिला. परतीचा पाऊस ऑक्टोबरात पाच दिवस कोसळला. पाचव्या दिवशी माझ्याखालचा कांदा हातात घेतला की साल कुरकुरत होती. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक बघायला आले. कुणी विचारलं की साखरबाई सांगायची, "माझ्या मैत्रिणीनं शिवलीय, यवतच्या." जयसिंगराव बाजूला उभे राहून ऐकायचे.

आठवडाभरानं जयसिंगरावांनी मला ट्रॉलीवरून सोडवलं, गाडीच्या मागच्या सीटवर टाकलं. साखरबाई पुढे बसली. दौंडपर्यंत दोघांचं बोलणं चालू होतं.

"पण तिला सांगाय पायजे," साखरबाई म्हणाली.

"काय सांगायचंय? ताडपत्री आपली हाय. आपण आपली वस्तू कुठं बी नेऊ."

"मी तिला शब्द दिलाय. दोघींचं नाव."

"गट निमोण्याचा. ती यवतची. कागदावर तिचं नाव कुठं बसवणार? शेड मंजूर व्हायची असंल तर वस्तू गटाची पायजे, गटाच्या बाईनं काढलेली पायजे. तूच काढली म्हण. कोण विचारतंय?"

साखरबाईनं तोंड काचेकडे फिरवलं. मग म्हणाली, "मी आत येणार न्हाई. मी गाडीत बसते."

दौंडला ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारखान्यात दोन माणसांनी मला फरशीवर पसरलं. एकानं ब्लेड घेतलं. फरीदानं अकरा दिवसांत घातलेले टाके त्यानं चहा थंड व्हायच्या आत काढले. ट्यूबच्या पट्ट्या फराफरा ओढल्या. माझे तुकडे कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखले. मग दुसऱ्यानं माझ्या खिडकीला बोट लावलं.

"साहेब, ही ठिगळं कसली?"

जयसिंगरावांनी वाकून पाहिलं. "फाटलं असंल, लावलं असंल ठिगळ. जुनाच माल हाय तो. ते घेऊ नका, नवीन कापड साफ ठिवा."

मला ओरडता येत असतं तर ओरडले असते. ज्या बाईला त्या खिडक्या का आहेत हे ठाऊक होतं, ती बाहेर गाडीत बसली होती, कारण तिला बघवत नव्हतं. तिच्या लाजेनंच पुढचा घोळ केला. मला परत जोडलं, पण पातळ दोऱ्यानं आणि जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पाडून.

जानेवारीत शिरूरला बचत गटांचं प्रदर्शन भरलं. निमोण्याच्या गटाचा स्टॉल मधोमध होता. एका लहान ट्रॉलीवर निळी नवी कोरी ताडपत्री ताणलेली, आणि मी बाजूला दोरीवर टांगलेली, 'पहिला नमुना' अशी चिठ्ठी लावून. फलकावर साखरबाईचं नाव होतं, एकटीचं.

फरीदाला कुणी बोलावलं नव्हतं. प्रदर्शन आहे एवढं तिच्या कानावर आलं होतं, आणि मला तिथं ठेवलंय हेही. तिला वाटलं, साखरीला गडबडीत सांगायचं राहिलं असेल. नवा ड्रेस घालून, अलीमला टपरीवर बसवून ती आली. ती स्टॉलजवळ पोचली तेव्हा साखरबाई पाहुण्यांना माहिती देत होती.

"एकदा पंक्चरच्या दुकानात बसले हुते. तो ट्यूबला सोल्युशन लावत हुता. ते बघून मला सुचलं की..."

फरीदा पाहुण्यांच्या मागे उभी होती. तिनं पूर्ण ऐकलं. टाळ्या वाजल्या, पाहुणे पुढे गेले, आणि मग दोघींची नजर भेटली.

फरीदा आधी माझ्याकडे आली. तिचा अंगठा माझ्या कुशीच्या शिवणीवरून फिरला आणि मध्येच थांबला.

"दोरा माझा न्हाई. उसवलीस?"

"फरे, मी तुला सांगणारच हुते. गटाच्या कागदात तुझं नाव बसंना. ह्यांनी..."

"नाव ऱ्हाऊ दे. तुला माझ्या भावाचं दुकान बी तुझंच करायचं हुतं?"

जयसिंगराव पुढे झाले. "ताई, तुम्हाला शिलाईचं काम देऊ की आपण. शेड मंजूर झालीय."

फरीदानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती निळ्या ताडपत्रीपाशी गेली. पुढून पाहिली. मागून पाहिली. खिडक्या नव्हत्या. तिला ते दिसलं, हे मी शपथेवर सांगू शकते, कारण तिचा हात बरोबर त्या जागी गेला जिथं खिडकी हवी होती. हात तिथं टेकला. मी वाट बघत होते की ती आता बोलेल.

ती बोलली नाही. ओढणी सावरली आणि एसटी स्टँडकडे चालू लागली.

दौंडच्या त्या कारखान्यातून गटाच्या नावावर तशा सतरा ताडपत्र्या गेल्या. स्वस्त होत्या, दिसायला देखण्या होत्या. मे महिन्यात वळवानं गाठलं. चार-पाच दिवस ट्रॉल्या झाकून उभ्या राहिल्या, आणि उघडल्या तेव्हा वास आला. बाहेरून थेंब न शिरता आतला कांदा सडला होता.

पुढचं मला टपरीत ऐकून कळलं. न्हावऱ्याकडची पार्वतीबाई नावाची म्हातारी पिशवीत चार कांदे घेऊन यवतला आली. ती काही भांडायला आली नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ताडपत्रीतलं कळतं ते यवतच्या फरीदाला.

"लेकी, बघ की जरा. पाऊस आत शिरला न्हाई, मंग ह्याला झालं काय? माझ्याच हातनं कायतरी चुकलं असंल. मी बांधलीच लई घट्ट."

फरीदानं कांदा हातात घेतला. बोट आत गेलं. अलीम म्हणतो, तिनं बोट ओढणीला पुसलं. मग म्हणाली, "मावशी, तुमचं काय चुकलं न्हाई." आणि टपरीची फळी ओढून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निमोण्यात होती. गटाची शेड उभी राहिली होती. लांबरुंद, फरशी घातलेली, दहा ताडपत्र्या एका वेळी चारी बाजूंनी पसरतील अशी. लोकांनी परत आणून टाकलेल्या सतरा ताडपत्र्यांचा एका कोपऱ्यात ढीग होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी. गटातल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. फरीदा आत आली. ढिगातली एक ओढून फरशीवर पसरली, खडूनं चौकोन आखला आणि कातरी चालवली.

साखरबाई धावत आली. कापलेला चौकोन बघितला आणि तिथंच बसली.

"खिडक्या," ती म्हणाली. "खिडक्या केल्याच न्हाईत त्यांनी. मी आत गेलेच नव्हते गं. मी गाडीत हुते. शिरूरला बी त्या नव्या ताडपत्रीकडं मी नीट बघितलंच न्हाई." थोड्या वेळानं तिनं मान वर केली. "तुला ठावं हुतं?"

"व्हय. शिरूरलाच दिसलं."

"मंग बोलली का न्हाईस? लोकांचा माल गेला, फरे."

फरीदाची कातरी थांबली. "तू माझं नाव घितलं न्हाईस, मी खिडकीचं नाव घितलं न्हाई. तुझ्यानं माझं एकटीचं गेलं. माझ्यानं त्या म्हातारीचं गेलं. म्हणून आलेय मी. तुझ्यासाठी न्हाई."

तीन दिवस ती येत होती. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची. डबा यवतहून आणायची, पाण्याची बाटलीही. साखरबाईनं चहा केला की तो तिच्याशेजारी थंड व्हायचा. तिनं बायकांना सगळं शिकवलं, वीतभर चौकोन, आतून जाळी, वरून झालर, आणि का ते. काहीही लपवलं नाही. साखरबाई समोर बसून झालरी शिवत होती. तिसऱ्या दिवशी शेवटची ताडपत्री झाली तेव्हा साखरबाई सगळ्यांसमोर उभी राहिली.

"बायांनो, ही ताडपत्री मी काढलेली न्हाई. हिनं काढलीय. पयल्यापास्नं हिचीच हाय."

फरीदानं कातरी पिशवीत टाकली. "हे शिरूरला म्हणायचं हुतं," ती म्हणाली. मग कोपऱ्यात येऊन तिनं मला उचललं. "ही मी नेते." कुणी अडवलं नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. माझ्या शिवणीच्या कडेनं आता दुहेरी भोकं आहेत, चाळणीसारखी. सोल्युशन लावून बुजतील एवढी ती थोडी नाहीत. मला फसवलं कुणी, असा विचार मी या मशीनखाली पुष्कळ केला. जयसिंगरावांचं मला फार वाईट वाटत नाही, त्यांनी मला कधी आपलं म्हटलंच नव्हतं. साखरबाईचं वाटतं. पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त टोचतो तो शिरूरचा फरीदाचा हात, योग्य जागी टेकलेला आणि गप्प. त्या एका घटकेत तिनं मलाही टाकून दिलं होतं. तिलाही ते ठाऊक आहे. म्हणून ती माझ्याकडे बघताना दुसरीकडे बघते.

तुम्हाला एवढंच सांगते. कुणाची वस्तू उसवायचीच असेल तर जिनं शिवली तिला समोर बसवून उसवा. आणि तुमचं कुणी उसवलंच, तर रागानं जे गिळाल, ते कुणाच्या ट्रॉलीत जाऊन सडणार आहे, ते आधी बघा.

आज फरीदानं मला बाहेर काढलं, रस्त्याच्या कडेला पसरलं. माझी पाठ अजून शाबूत आहे, तिच्यातून आठ खिडक्यांच्या झालरी निघतील, चार नव्या ताडपत्र्यांना पुरतील. तिनं खडूनं माझ्यावर खुणा केल्या आहेत. कातरी तिच्या हातात आहे.

अलीमनं विचारलं, "पयली कुणाची?"

"निमोण्याची. तिची ट्रॉली उघडी पडलीय."

"नेऊन देणार तू?"

"न्हाई. एसटीत टाकून दे."

बरं आहे. मी जाईन. ती येणार नाही.